भाद्रपदातली नाताळची पत्रं

"बाई, पत्र कवा पोचंल?" भामाने विचारलं.

मी तिच्या कागदाकडे बघत होते. कडेने तिने जास्वंदीची वेल काढली होती, पण मध्ये हात आडवा धरून बसली होती. मजकूर मला दिसू नये म्हणून की काय, कोण जाणे. मी म्हटलं, "पोचेल की वेळेवर. तू सही कर आणि दे इकडे."

भाद्रपद चालू होता. गावातल्या गणपतीपुढचा भोंगा सकाळपासून ओरडत होता, आणि आमच्या वसतिगृहाच्या जेवणघरात त्रेपन्न मुली मांडी घालून नाताळच्या शुभेच्छा लिहीत होत्या. हा प्रकार दरवर्षीचा. डेन्मार्कातल्या एका संस्थेने आमच्या प्रत्येक मुलीला तिकडचं एकेक माणूस जोडून दिलं होतं. त्याला आम्ही दत्तक पालक म्हणायचो. मुलीचं शिक्षण, जेवण, कपडे त्या माणसाकडून व्हायचं, आणि मुलीने त्याला वर्षातून दोन पत्रं लिहायची. त्यातलं एक नाताळचं. पत्रं आधी मुंबईला जायची, तिथून गठ्ठ्याने कोपनहेगनच्या कार्यालयात, तिथे ती वेगळी व्हायची आणि नाताळच्या आठवड्यात ज्याच्या त्याच्या घरी पडायची. म्हणून येशूच्या जन्माचा आनंद आम्ही मोदकांच्या दिवसांत उरकून घ्यायचो.

फळ्यावरचा मसुदा माझा असे. 'प्रिय आई, मी मजेत आहे. आमच्या शाळेत सगळे चांगले आहे.' एवढं उतरवायचं आणि खाली दोन-चार वाक्यं आपल्या मनाची घालायची. मनाची म्हणजे अगदीच मनाची नव्हेत. आजारपण लिहायचं नाही, मरण लिहायचं नाही, काही मागायचं नाही. हे नियम संस्थेचे होते आणि दरवाजामागे चिकटवलेले होते. मुलींना ते पाठ होते.

माझं काम भाषांतराचं. मी एस्तेर भांबळ, तेव्हा सव्वीस वर्षांची, शाळेत इंग्रजी शिकवत होते. माझे वडील मिशनच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि इंग्रजी मजकूर उलटा वाचता वाचता ते सुलट शिकले होते. त्यांनी ते मला दिलं. माझं इंग्रजी चांगलं होतं आणि ते चांगलं आहे हे मला जरा जास्तच ठाऊक होतं. आदल्या वर्षी कोपनहेगनहून कौतुकाचं पत्र आलं होतं की, तुमच्या वसतिगृहातल्या मुलींची पत्रं सगळ्यांत आनंदी असतात. आमच्या अधीक्षिका उजागरेबाईंनी ते काचेत मढवून कचेरीत लावलं. त्या खोलीत गेले की माझी मान आपोआप तिकडे वळायची.

भामा आठवीत होती. आष्टीच्या डोंगराकडची. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे, म्हणून तिसरीपासून ती आमच्याकडे. अंगाने काटक, बोलायला कमी, लिहायला मात्र हात थांबायचा नाही. तिची दत्तक पालक इंगर नावाची बाई होती. जन्मभर एका बेकरीत काम करून आता घरी बसलेली, एकटी. ती कुत्र्याचे फोटो पाठवायची, वाळवलेली पानं पाठवायची, आणि एकदा तिने स्वतः विणलेले लाल लोकरीचे हातमोजे पाठवले. त्यांना बोटं नव्हती, अंगठ्यापुरती फक्त वेगळी पिशवी. आमच्याकडे उन्हाने भिंती तापतात. मुली हसून हसून लोळल्या. एकीने तर ते कानांवर चढवले. भामा हसली नाही. तिने ते घडी करून पेटीत तळाला ठेवले.

रविवारी दुपारी उपासना आटोपून मी भाषांतराला बसले. पद्धत अशी होती की मुलीचं मूळ मराठी पत्र वर ठेवायचं, खाली माझं इंग्रजी, आणि दोन्ही टाचून पाठवायचं. तिकडच्या लोकांना मुलीच्या हातचं अक्षर आवडायचं. पंचवीस-तीस पत्रं झाली तेव्हा भामाचं हातात आलं. ते मी आजही शब्दन् शब्द सांगू शकते.

'प्रिय इंगर आई यांना सप्रेम नमस्कार. तुमचा कुत्रा कसा आहे? मी फळ्यावरचे लिहिले नाही, रागावू नका. आमच्या आबांनी दिवाळीत माझे लग्न धरले आहे. मुलगा पलीकडच्या वाडीचा आहे. ऊस तोडायला नवरा-बायकोची जोडी लागते, म्हणून ते घाई करत आहेत. मला दहावी करायची आहे. तुम्ही आमच्या आबांना एक पत्र लिहा. मोठे नको, दोन ओळी लिहा. तुमचा फोटो आमच्या घरी देवापाशी लावला आहे. पाकिटावरचे तिकीट आबा आल्या-गेल्याला दाखवतात. माझे कोणी ऐकत नाही, तुमचे ऐकतील. दिवाळीच्या आधी लिहा. तुमची मुलगी, भामा.'

मी ते दोनदा वाचलं. वाईट वाटलं, हे खोटं नाही. पण त्याबरोबर रागही आला, हेही खोटं नाही. सगळे नियम दारामागे लावलेले असताना या मुलीने मला अडचणीत टाकलं होतं. दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. एका मुलीने बाप वारल्याचं लिहिलं, मी ते जसंच्या तसं उतरवलं, आणि तिच्या पालकाने कार्यालयाला इतके प्रश्न विचारले की उजागरेबाईंना खुलासा द्यावा लागला. तेव्हा त्या मला म्हणाल्या होत्या, "एस्तेर, लोक नाताळात रडण्यासाठी दान देत नाहीत."

मी पेन उचललं. इंग्रजीत लिहिलं, की दिवाळीत आमच्या घरी मोठा समारंभ आहे. सगळे आनंदात आहेत. मला शिकायला फार आवडतं. आणि तुमचा फोटो आमच्या घरात देवाजवळ लावला आहे. फोटोचं वाक्य मी ठेवलं. ते फार सुंदर होतं, आणि इंग्रजीत आणखी सुंदर झालं. मग मी दोन्ही कागद टाचले आणि पुढचं पत्र घेतलं.

मनाशी ठरवलं होतं की सोमवारी उजागरेबाईंच्या कानावर घालायचं. सोमवारी त्या बैठकीसाठी नगरला गेल्या. मंगळवारी गठ्ठा टपालात पडला. मग सहामाही परीक्षा आली, पेपर आले, दोन मुलींना गोवर झाला. विसरले असं म्हणणार नाही, विसरले नव्हते. रोज वाटायचं, उद्या बोलू.

भामाने मला दोनदा विचारलं. एकदा हौदापाशी, एकदा वर्ग सुटल्यावर. "बाई, उत्तर आलं का?" मी दोन्ही वेळा म्हटलं, येईल. पत्र डिसेंबराच्या शेवटी त्या बाईच्या दारात पडणार आणि दिवाळी त्याआधी दीड महिना, हा हिशेब मला ठाऊक होता. तिला नव्हता. तिला वाटत होतं, पत्र टाकलं की पोचतं.

दिवाळीच्या सुट्टीला मुलींना न्यायला आईबाप आले. भामाचे आबा नवी कोरी टोपी घालून आले होते. मी कचेरीच्या उंबऱ्यात उभी होते. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. त्या माणसात वाईट काही नव्हतं. लेक शिकते याचा त्यांना अभिमान होता, आणि तरी ते तिला न्यायला आले होते. भामा पेटी घेऊन त्यांच्या मागे उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी आबांना विचारलं, "यंदा पाऊस कसा काय तुमच्याकडे?" ते म्हणाले, बरा झाला. मग ते गेले.

सुट्टीनंतर एक्कावन्न मुली परत आल्या. एक तापाने आठ दिवस उशिरा आली. भामा आली नाही.

उजागरेबाईंना आश्चर्य वाटलं नाही. दरवर्षी मोठ्या वर्गातली एखादी जायचीच. त्या म्हणाल्या, कार्यालयाला एवढ्यात कळवायला नको, वर्ष संपू दे, मग तिच्या जागी दुसरी मुलगी बघू. मी पत्राचं त्यांना तेव्हा सांगितलं का? नाही. आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं.

जानेवारीच्या शेवटी कोपनहेगनहून कळवलं गेलं की श्रीमती इंगर भारतात येत आहेत, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस आपल्या मुलीला भेटायला येतील.

उजागरेबाईंनी मला दार लावून घ्यायला सांगितलं. त्या वाईट बाई नव्हत्या. वीस वर्षं त्यांनी ते वसतिगृह चालवलं होतं, मुलींच्या डोक्यातल्या उवा स्वतः काढल्या होत्या. त्या म्हणाल्या, मुलगी तीन महिने इथे नाही आणि आपण कळवलं नाही, हे समजलं तर एका भामाचा प्रश्न राहणार नाही. संस्था सगळ्यांचंच थांबवेल. मग बावन्न जणींना कुठे पाठवू? तू जीप घेऊन जा आणि तिला एका दिवसासाठी घेऊन ये. त्यांनी कपाटातून गणवेश काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

मुलींकडून वाडीचा पत्ता काढून, वाडीतून साखर कारखान्याचं नाव काढून मी भेटीच्या आदल्या दुपारी ऊसतोड्यांच्या तळावर पोचले. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, ओळीने उभ्या होत्या. एक म्हातारी चुलीपाशी बसली होती. ती भामाची सासू निघाली. तिने उसाच्या फडाकडे बोट दाखवलं.

भामा मोळ्या बांधत होती. डोक्याला फडकं, अंगावर नवऱ्याचा जुना सदरा, आणि हातात ते लाल मोजे. उसाचं पातं हाताला कापतं, त्यासाठी घातलेले. तळव्याकडची लोकर झिजून पार जाळी झाली होती. तिने मला बघितलं, हातातली मोळी खाली ठेवली आणि उभी राहिली.

"इंगर मॅडम येणार आहेत," मी म्हटलं. "उद्या. तुला भेटायला."

तिचा चेहरा एकदम उजळला. तसा उजळलेला मी तो त्यापूर्वी पाहिला नव्हता. "म्हंजी पत्र घावलं त्यांना," ती म्हणाली. "उशीर झाला, पर आल्या."

मी म्हणू शकले असते की तसं नाही. शेजारी तिचा नवरा येऊन उभा राहिला होता, अजून ओठावर नीट मिसरूड न फुटलेला. मी त्याला सांगू लागले की एका दिवसाचा प्रश्न आहे, परदेशच्या बाई आल्या आहेत, उद्या संध्याकाळी परत आणून सोडते. कोपीपाशी सासूने कुरकुर केली, पण दारात जीप उभी होती आणि गोऱ्या बाईचं नाव होतं. पाठवलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजागरेबाईंनी स्वतः तिच्या दोन वेण्या घातल्या आणि लाल रिबिनी बांधल्या. गणवेश तिला होत होता, फक्त खांद्यांत घट्ट झाला होता. त्यांनी तिला गळ्यातलं काढून ठेवायला सांगितलं. ती म्हणाली, काढत न्हाई, आत घालते. काळी पोत तिने सदऱ्याच्या आत ढकलली आणि वरचं बटण लावलं. तिला काय सांगितलं गेलं? एवढंच, की लग्नाचं बोलायचं नाही, बाईंना वाईट वाटेल. ती म्हणाली, "त्यांला ठावंच हाय की." उजागरेबाईंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रिबीन सारखी करत होते.

इंगर मॅडम अकराला आल्या. उंच, वाकलेल्या, उन्हाने नाक सोललेलं, आणि अंगात मुंबईत घेतलेला सुती पंजाबी पोशाख उलटसुलट बसलेला. उजवा हात म्हातारपणाने सारखा हलत होता. भामाला बघताच त्या रडायला लागल्या. रडता रडता हसल्या आणि काहीतरी त्यांच्या भाषेत बोलल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या की, मी तिला फोटोत बघितलं त्यापेक्षा ती किती मोठी झाली आहे. मी ते भामाला सांगितलं.

भामाने मोजे बरोबर आणले होते. तिने ते पुढे केले. इंगर मॅडमनी ते ओळखले, त्यावरून हात फिरवला, भोकांतून आपलं बोट बाहेर काढून दाखवलं आणि गालाला लावले. किती वापरलेत हिने, असं त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. आपल्या हातची वस्तू कुणाच्या उपयोगी पडली याचा त्या म्हाताऱ्या बाईला झालेला आनंद मला बघवत नव्हता. मग त्यांनी भामाचे हात हातात घेतले आणि पालथे-उताणे करून बघितले. तळव्यांवर चरे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. उजागरेबाईंनीच उत्तर दिलं की, आमच्या मुली परसात भाजीपाला लावतात, फार कष्टाळू आहेत.

चहा आला. इंगर मॅडमनी पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढला, निळ्या फितीने बांधलेला. पाच वर्षांची सगळी पत्रं होती, एकही गहाळ नाही. त्यांनी फीत सोडून ती टेबलावर पसरली. जुन्यांवर मोठाली वेडीवाकडी अक्षरं, मग हळूहळू बारीक होत गेलेली. सगळ्यांत वर जास्वंदीच्या वेलीचं होतं. त्याच्या चारी कोपऱ्यांना टाचणीची भोकं होती.

भामाने ते ओळखलं. तिने बोट त्यावर ठेवलं, अगदी 'दिवाळीच्या आधी' या शब्दांवर.

"बाई," ती मला म्हणाली, "त्यांला इच्यारा, ह्ये वाचलं का."

उजागरेबाई चहा ढवळत होत्या. त्यांना मराठी येत होतं, इंग्रजीही येत होतं. त्या खोलीत दोन्ही भाषा येणाऱ्या आम्ही दोघीच होतो. मी इंगर मॅडमना विचारलं, ही विचारतेय, तुम्ही हे पत्र वाचलंत का?

त्यांनी छातीवर हात ठेवला. म्हणाल्या, किती वेळा! हे तर माझं सगळ्यांत आवडतं. स्वयंपाकघरात भिंतीला लावलं होतं, येताना काढून आणलं. शेजारच्या बायकांना वाचून दाखवलं. तो फोटोचा भाग वाचला की माझा आवाज फुटत नाही.

भामा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो म्हणतात," मी म्हटलं. "पुष्कळदा वाचलं."

"समदं?"

एक वाक्य पुरलं असतं. मराठीत सांगितलं असतं तरी चाललं असतं, इंगर मॅडमना कळलंही नसतं. पण उजागरेबाईंचा चमचा थांबला होता. काचेतलं कौतुकाचं पत्र त्यांच्या डोक्यामागे होतं. बावन्न मुली बाहेर प्रार्थनागीताची तालीम करत होत्या. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि त्यांतलं एकही खरं कारण नाही. मला लाज वाटली, एवढंच. त्या मुलीच्या डोळ्यांत बघून, मीच ते गाळलं, असं म्हणायची मला लाज वाटली.

"सगळं," मी म्हटलं.

भामाने इंगर मॅडमकडे बघितलं. त्या बाईचं तोंड हसरं होतं, डोळे अजून ओले होते, आणि त्यांचा तो हलणारा हात भामाच्या हातावर होता. भामाने आपला हात काढून घेतला नाही. मग ती सावकाश बोलली, मला उतरवून घेता यावं अशी थांबत थांबत.

"त्यांला म्हनावं, माझा राग न्हाई. लांबच्या हायेत. त्यांचं तरी काय चालनार."

इंगर मॅडमनी उत्सुकतेने मला विचारलं, ती काय म्हणाली?

मी सांगितलं, ती म्हणते, तुम्ही इतक्या लांबून आलात, तिला फार आनंद झाला. त्यातला लांब हा शब्द तेवढा तिचा होता.

इंगर मॅडमनी तिला मिठी मारली. फोटो निघाले. एक वाजता त्यांची गाडी गेली, आणि फाटकातून वळेपर्यंत त्या मागच्या काचेतून हात हलवत होत्या.

भामाने गणवेश काढून घडी केली आणि बाकावर ठेवला. रिबिनी गुंडाळून त्यावर ठेवल्या. तिचं लुगडं नेसून ती जीपमध्ये जाऊन बसली. मी निघताना बघितलं, तर लाल मोजे गणवेशाशेजारी तसेच होते. मी ते घेऊन जीपपाशी गेले आणि म्हटलं, हे राहिले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

तळापर्यंतच्या दोन तासांत ती एवढंच बोलली. उतरताना मी तिला म्हटलं, हात जपून. तिने मान हलवली आणि कोप्यांच्या ओळीत गेली.

मोजे मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवले. मार्चमध्ये भामाचं लग्न झाल्याचं कार्यालयाला रीतसर कळवलं गेलं, आणि इंगर मॅडमना दुसरी मुलगी जोडून दिली. त्या दर पत्रात भामाची चौकशी करायच्या. मी दर वेळी लिहायचे, ती सुखात आहे. पाच वर्षांनी त्या वारल्याचं कळलं.

नंतर उजागरेबाई निवृत्त झाल्या आणि त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. काचेतलं पत्र मी पहिल्याच दिवशी उतरवलं, पण फेकलं नाही, कपाटामागे सरकवलं. परदेशची संस्था पुढे बंद झाली. तरी दुसरे दाते मिळाले, पुण्याचे, ठाण्याचे, काही अमेरिकेत राहणारे. पत्रं लिहायचं चालूच राहिलं.

त्या भेटीला बारा वर्षं झाली होती. जूनचा पहिला आठवडा होता आणि प्रवेशासाठी व्हरांड्यात रांग लागली होती. एक बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन टेबलापुढे उभी राहिली. मी मान खाली घालून नाव विचारलं. मुलीने सांगितलं, ऊर्मिला. आईचं नाव? बाई म्हणाली, "भामा."

मी वर बघितलं. ती सव्वीस-सत्तावीसची असेल, पण चाळिशीची दिसत होती. कपाळ मोठं, डोळे तेच. मी तिला बस म्हटलं. ती बसली नाही. तिने सांगितलं की अजून ऊस तोडायला कोयत्यावरच जाते, पोरीला फडात वाढवायची नाही, घ्या म्हणजे झालं. मी म्हटलं, घेतली. अर्ज भरायच्या आधीच घेतली.

"एक सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "हिला इंग्रजी चांगलं शिकवा. लिवन्यापुरतं तरी. हिचं हिला लिवता आलं पायजे."

मी पेन खाली ठेवलं. "भामा, ते पत्र..." एवढंच बोलले. बारा वर्षं मी ते वाक्य तयार ठेवलं होतं.

तिने मला फार वेळ अडकू दिलं नाही. मोठ्याने बोलली नाही, मागच्या रांगेला ऐकूही गेलं नसेल. "त्या बाईला आपली अक्षरं कुठं वाचता येत व्हती, बाई. ते मला मागनं उमगलं. फडात हात चालू असला की डोकं मोकळं ऱ्हातं, तवा उमगलं. वाचलं व्हतं ते तुमीच."

मी समोरचा अर्ज उलटा करून ठेवला.

"आन् आबांना काय गोरीच बाई पायजे व्हती, असं न्हाई," ती म्हणाली. "तुमी त्या दिशी उंबऱ्यात उभ्या व्हत्या. तुमी बोलला असता, तरी ऐकलं असतं त्यांनी."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिने मुलीची पिशवी खांद्यावरून काढली, टेबलाच्या पायाशी नीट उभी केली, आणि मुलीच्या केसांवरून हात फिरवून तिला पुढे केलं.

"बाईंच्या पाया पड," ती म्हणाली.

मुलगी वाकली. मी पाय मागे घेतले.